हलती शिडी

सोलापुरात फायबरचं काम करतो म्हटलं की समोरचा पहिल्यांदा कूलरच्या टाकीचं विचारतो. त्यात त्याची चूक नाही. मार्च लागला की निम्मं सोलापूर कूलरवर जगतं, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या माझ्या शेडचं भाडंही त्याच तीन महिन्यांत सुटतं. बाकी वर्षभर डाइंगवाल्यांच्या हौदांना आतून अस्तर, बालवाडीच्या घसरगुंड्या, गणपतीच्या आधी मूर्तिकारांचे साचे. बोटी म्हणाल तर तळ्यातल्या पायडलवाल्या, त्यांना कधीमधी ठिगळं लावलेली. त्यामुळं करमाळा तालुक्यातून फोन आला आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "मिस्त्री, बोटीची शिडी मोडलीय," तेव्हा मला वाटलं याला वेल्डर पाहिजे, चुकून माझा नंबर लागला.

"वेल्डर झालं की वो तीनदा," तात्या म्हणाले. त्यांना सगळे तात्याच म्हणतात, मीही तेच म्हणणार. "शिडीला काय न्हाय झालेलं. शिडी हाय तशी हाय. बोटच फाटलीय."

हे ऐकल्यावर मात्र मी पत्ता लिहून घेतला.

उजनीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर बोटीच्या तोंडाला शिडी कशाला हेच कळायचं नाही. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं. पोटात 117 टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आसपास पाणी, पण त्यातलं निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. धरण शंभर टक्के भरलं की पाण्याची पातळी 496.83 मीटर, आणि मृतसाठ्याची रेघ 491.03 मीटरवर. म्हणजे आमच्या पेपरात 'उजनी शून्यावर' अशी बातमी येते तेव्हा पाणी जवळजवळ एकोणीस फूट खाली गेलेलं असतं. आणि शून्यावर ते थांबत नाही. सोलापूर शहराला प्यायला, शेतीला, सोडत सोडत ते वजामध्ये जातं. 2024 च्या उन्हाळ्यात तर वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. उभा एकोणीस फूट म्हणजे फार वाटत नाही, पण बॅकवॉटरचा काठ इतका सपाट आहे की एवढ्यात पाणी कुठं अर्धा किलोमीटर, कुठं त्याहून लांब मागं सरकतं. पावसाळ्यानंतर बोट लागते ती दगडी उतारावर. एप्रिल-मेमध्ये तो उतार कोरडा ठणठणीत आणि बोट लागते गाळाला. गाळात बोट आडवी लावता येत नाही, रुतते. तोंड पुढं घालून लावायची आणि तोंडावरूनच माणसं उतरवायची. म्हणून पुढं शिडी.

ही बोट फायबरची, तीस फुटी, मागं डिझेल इंजिन. अलीकडच्या काठावरून पलीकडं इंदापूरच्या बाजूला माणसं नेते, हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि चित्रबलाक हे पक्षी बघायला आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांना फिरवते. रस्त्यानं गेलं तर पलीकडच्या गावाला मोठा वळसा पडतो, बोटीनं थोडक्यात काम होतं. दूधवाले, कॉलेजची पोरं, लग्नाला निघालेली बायामाणसं, सगळी गिऱ्हाइकं रोजची.

पहाटे निघालो. बरोबर तम्मा. सोलापूरच्या पूर्व भागातला पोरगा, आईबाप विडी आणि टॉवेलच्या धंद्यातले, हा माझ्याकडं सोळा-सतराव्या वर्षी आला आणि आता लेअप, म्हणजे फायबरचे थरावर थर, माझ्यापेक्षा सफाईनं मारतो. मोहोळ, शेटफळ, मोडनिंब करत टेंभुर्णी, तिथून करमाळ्याच्या रस्त्याला. कंदरच्या आसपास केळीच्या बागा लागल्या की हवेत एकदम फरक पडतो, सोलापूरहून आलेल्या माणसाला ते उगाच कोकण वाटतं. तम्मा गाडीतून मान बाहेर काढून म्हणाला, "मामा, इथं कूलर कुणी घेणार नाही बघा."

काठावर पोचलो तेव्हा बोट गाळात तोंड खुपसून उभी होती आणि शिडी शेजारी चिखलात पडलेली. मी आधी शिडी उचलायला गेलो. एका माणसाला उचलली नाही. दोन इंची चॅनेल, त्याला जाड अँगलच्या पायऱ्या, वर पट्टीचे दोन कान, प्रत्येक कानाला दोन-दोन बोल्ट. पहिली शिडी पाइपची होती, ती वाकली म्हणून दुसरी अँगलची केली, तीही पिळली म्हणून तिसरी ही चॅनेलची. वेल्डिंग चांगलं होतं, त्या कारागिराला नाव ठेवायला जागा नाही. तात्यांनी सांगितलं तसं त्यानं केलं, आणि तात्यांनी दर वेळी एकच सांगितलं, अजून मजबूत कर.

शेवटच्या वेळी शिडीवर एक दूधवाला होता. उजवा कान बोल्टसकट, डेकचा हातभर तुकडा घेऊन उपटला आणि दूधवाला दोन कॅनसकट गाळात. त्याला लागलं काही नाही. "पण चाळीस लिटर दूध गेलं. आन् त्ये मी भरून दिलं," तात्या म्हणाले. ते भरून दिलेलं दूध त्यांना अजून सलत होतं.

डेकवर चढून आम्ही आधी ठोकून बघायला लागलो. माझ्याकडं या कामाला एक छोटी प्लास्टिकची हातोडी आहे, नसली तर रुपयाचं नाणंही चालतं. फायबर आतून धड असलं की आवाज टणक येतो. थर सुटले असले किंवा आतला प्लाय कुजला असला की आवाज बसका, कलिंगड जास्त पिकलं की येतो तसा. फाटलेल्या जागेभोवती बसका येणार हे ठरलेलंच होतं. पण तम्मा ठोकत ठोकत मागं सरकला, हातभर, दोन हात, आणि आवाज बसकाच. डाव्या कानाकडं गेला, जो वरून चांगला दिसत होता, तिथंही तेच. मार्करनं हद्द आखत गेलो तर पुढच्या डेकचा अर्ध्याहून जास्त भाग त्या रेघेच्या आत आला.

मी सहा एमएमच्या ड्रिलनं एक भोक पाडलं. भुसा कोरडा यायला पाहिजे. आला तो काळपट लगदा, आणि पाठोपाठ चहाच्या रंगाचं पाणी. त्याला आंबट वास. तात्या वाकून बघत होते. "हे पाणी कुठलं?" म्हणाले. "बोट तर वरनं कोरडी हाय."

त्याचं उत्तर बोल्टात होतं. असा डेक म्हणजे वर फायबर, मधे बारा एमएमचा प्लाय, खाली पुन्हा फायबर. बोल्ट तिन्हीतून आरपार गेलेला. तो जोवर घट्ट आहे आणि भोकाच्या कडा सीलंटनं बंद आहेत तोवर ठीक. तो सुतभर जरी हलायला लागला तरी सील सुटतं, पाणी बोल्टाच्या कडेनं आत शिरतं आणि प्लायच्या थरांतून लांबवर पसरतं. बाहेर यायला त्याला वाट नसते. वरून रंग छान, आत खत. शिवाय खालून बोल्टला फक्त साधे वॉशर होते, रुपयाएवढे. सगळा ताण त्या रुपयाएवढ्या गोलावर. मागं पट्टी टाकलेली नव्हती.

आता एवढं कळल्यावर काम सरळ होतं. कुजलेलं काढा, नवं भरा, बोल्टखाली जाड पट्टी द्या, पैसे घ्या, घरी जा. मी तसा दरही मनात काढला होता. पण एक गोष्ट डोक्यात बसत नव्हती. बोल्ट मुळात हलायला का लागला? माणूस असतो साठ-सत्तर किलोचा, शिडीवर एका वेळी एक, फार तर दोन. चार बोल्ट तेवढ्यानं हलत नाहीत. हौदाच्या कडेला मी अशा शिड्या लावल्यात, वर्षानुवर्षं माणसं चढतायत.

तात्यांचा चुलतभाऊ दुसरी बोट चालवतो. तिलाही तोंडाला अशीच घट्ट शिडी, जराशी नवी. मी म्हटलं, मला एक फेरी मारून आणा, काम नंतर.

गेलो पलीकडं. पाणी शांत होतं. आता कोण जाकिटाशिवाय बसत नाही. 21 मे 2024 ला याच पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर वाऱ्याचं नाव काढलं तरी माणसं गप्प होतात. चुलतभावानं सगळ्यांना जाकिटं दिली, मोजून बसवलं. सगळं शिस्तीत. पण पलीकडचा काठ पन्नास फुटांवर आला आणि सगळी बोट उठून उभी राहिली.

एसटी स्टँडमध्ये शिरताना आपण जे करतो तेच. गाडी थांबायच्या आधी दाराशी. पिशव्या, डबे, पोरं काखेत, सगळे पुढं तोंडाकडं सरकले. मी मुद्दाम डेकच्या कोपऱ्यात, कानाच्या बोल्टाजवळ उकिडवा बसलो होतो आणि माझी नजर त्या बोल्टावर.

बोट गाळाला लागली. शिडीचा पाय आधी टेकला, मग रुतला. तोवर तोंडावर सात-आठ माणसं जमलेली, म्हणजे चार-पाचशे किलो. एवढं वजन पुढं आलं की बोटीचं तोंड खाली दबणारच, पाण्यावरची वस्तू आहे. पण शिडी तिला दबू देईना. पाय गाळात, कान डेकला घट्ट. मग ते सगळं वजन शिडीवर यायला लागलं. मला डोळ्यानं दिसलं: बोल्टाचं डोकं एका बाजूनं डेकमध्ये दाबलं गेलं आणि दुसऱ्या बाजूनं केसभर उचललं, आणि त्या फटीतून पाण्याचा एक बुडबुडा आला. मग पहिला माणूस उतरला, दुसरा उतरला, तोंड हलकं झालं, वर यायला लागलं. आता रुतलेला पाय शिडीला खाली ओढतोय. बोल्ट उलटा वाकला. बुडबुडा आत गेला. शेवटची आजी उतरेपर्यंत तो बुडबुडा आत-बाहेर, आत-बाहेर. मधूनच एखादी लाट आली की शिडी आडवी पिळायची, ते वेगळंच.

हिशेब मी तिथंच बसून केला. शिडीचा पाय डेकच्या कडेपासून तीन फूट पुढं. कानाच्या दोन बोल्टांमधलं अंतर सहा इंच. म्हणजे सहाला एक. पायाशी शंभर किलोचा रेटा बसला की बोल्टला सहाशे किलोची ओढ. इथं रेटा एका माणसाचा नव्हताच, अख्ख्या बोटीच्या तोंडाचा होता. शिडी जितकी ताठ तितका तो रेटा पुरा डेकला पोचायचा. पाइपची शिडी वाकायची, म्हणजे थोडा रेटा स्वतः खायची. तिला बिचारीला कमजोर म्हणून काढून टाकलं. चॅनेलची वाकेना, तेव्हा डेक फाटला.

परत येताच तात्यांना म्हटलं, "तात्या, शिडी मजबूत करायची नाही. शिडी हलती करायची. वर बिजागरी."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की सोलापूरहून उन्हानं डोकं फिरलेलं कुणीतरी आलंय. "मिस्त्री, मी तुमाला मोडकी शिडी नीट करायला बोलावलंय. हलती शिडी म्हंजे मोडकीच की. बाया पाय ठेवतील व्हय तिच्यावर? आन् सर्व्हेला साहेब आला तर काय सांगू, मुद्दाम हलती केलीय म्हनून?"

त्यांचंही खरं होतं. बोटीची नोंदणी, सर्व्हे, जाकिटं, सगळं काटेकोर झालेलं. त्यात खडखडणारी शिडी दाखवायची म्हणजे आपणहून कुऱ्हाडीवर पाय. मी तोंडानं समजवायचा नाद सोडला. चुलतभावाच्या बोटीची शिडी, तो नको नको म्हणत असताना, चारही बोल्ट काढून सुटी केली. वरचे कान नुसते दोरानं डेकच्या कड्याला बांधले, सैल नाही आणि आवळूनही नाही. मग काठावरची सहा-सात पोरं बोलावली, बोटीत भरली आणि म्हटलं, आता सगळे एकदम पुढं या.

तोंड दबलं, शिडी दोरावर सरकून स्वतःचा कोन बदलून बसली. पोरं उतरली, तोंड उचललं, शिडी मागच्या कोनात आली. करकर नाही, धक्का नाही. पाय गाळात जिथं टेकला होता तिथंच होता. पोरांना तर हलल्याचं कळलंही नाही, कारण माणूस पायरीवर असतो तेव्हा त्याच्याच वजनानं शिडी दाबून बसलेली असते, हलते ती पायऱ्या रिकाम्या असताना. तात्या स्वतः दोनदा चढले-उतरले. मग काहीच न बोलता तंबाखू मळायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "मग चॅनेलची शिडी भंगारात घालू म्हनता?"

"तिच्या पायऱ्या वापरू. वजन कमी करू."

इथं काकू मधे पडल्या. तात्यांच्या घरच्या. त्या सगळा वेळ काठावर चिलापी मासे साफ करत बसल्या होत्या आणि मला वाटलं होतं त्यांचं लक्ष नाही. म्हणाल्या, "बिजागरीपाशी फट राहील न्हव? साडीचा काठ अडकंल त्यात. आन् पोरांची बोटं."

खरंच की. बिजागरी आली म्हणजे डेक आणि पहिली पायरी यांच्यात उघडमीट होणारी फट आली. नऊवारीचा काठ किंवा पोराचं बोट त्यात गेलं आणि त्याच वेळी तोंड उचललं तर मग दूध सांडण्यावर भागणार नाही. मी फायबरवाला, बोल्ट आणि प्लायपुढं माझी नजर गेली नव्हती. त्या फटीवर जाड रबराची झालर टाकायची ठरली. रबर कुठलं, तर साखर कारखान्याच्या भंगारातला कन्व्हेयरचा पट्टा. आमच्या जिल्ह्यात हे एक बरं, दर थोड्या अंतरावर कारखाना आहे आणि भंगारवाल्याकडं पट्टा मिळतोच.

काम त्याच दिवशी सुरू केलं. वीज मोटारींची, ती रात्री येणार, म्हणून मांडववाल्याचा जनरेटर आणला. वरची फायबरची साल कापून काढली आणि प्लाय उपसायला बसलो. उपसायलाच म्हणतो, कारण खुरपं लागलं. सुकं, पांढरं लाकूड लागेपर्यंत काढत गेलो आणि त्याच्यापुढं आणखी चार बोटं. मग तसंच उघडं ठेवून दिलं. ओलसर लाकडावर रेझिन, म्हणजे फायबरचा घट्ट होणारा चिकट रस, चढवलं तर आतल्या आत पुन्हा सगळं सुटतं. एरवी हे वाळवायला हॅलोजन लावून बसावं लागतं. इथं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन होतं. आयुष्यभर ज्या उन्हाला शिव्या दिल्या ते एकदाचं उपयोगी पडलं.

तेच ऊन रेझिनला मात्र वैरी. पॉलिस्टर रेझिनला घट्ट करायला हार्डनर साधारण एक ते दोन टक्के लागतो, आणि त्याचा वेग वाढवायला थोडं कोबाल्ट. भर उन्हात एक टक्का घातला तरी मग्ग्यातच धूर निघतो आणि ब्रश दगड होतो. म्हणून लेअप पहाटे, उजाडायच्या आत सुरू आणि नऊला बंद. हार्डनर कमी, माल थोडा-थोडा कालवायचा, एका वेळी चार थरांच्या वर जायचं नाही, नाहीतर स्वतःच्या उष्णतेनं तडकतं. तम्मा कोबाल्ट आणि हार्डनर कधी एका हातात धरत नाही, मी त्याला पहिल्या दिवशी सांगितलंय की हे दोन सरळ एकमेकांत पडले तर भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. या धंद्यात शिकाऊ पोरांना हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

दुसरी लिहून ठेवायची गोष्ट कडेची. जुन्या, पक्क्या झालेल्या फायबरला नवं फायबर रसायनानं एकजीव होत नाही, ते फक्त घासलेल्या खडबडीवर पकड घेतं. म्हणून कड सरळ कापून शेजारी नवं भरलं की तिथंच पुन्हा चीर जाते. कड लांब उतरती घासावी लागते, जाडीच्या बारापट. सहा एमएम जाडीला बहात्तर एमएम, म्हणजे जवळजवळ तीन इंचांचा उतार, सगळ्या बाजूंनी. चाळीस नंबरच्या डिस्कनं. ती धूळ अंगावर बसते आणि माणूस रात्रभर खाजवत बसतो. त्यावर थंड पाण्यानं अंघोळ, गरम पाणी नाही. तम्मा सरळ धरणातच उतरला.

बोल्टांच्या जागी प्लाय भरलाच नाही. तिथं मॅट (विस्कटलेल्या काचधाग्यांची) आणि रोव्हिंग (विणलेलं काचकापड) आलटून-पालटून, वरपासून खालपर्यंत भरीव फायबर. एक किलो मॅटला दोन-अडीच किलो रेझिन, त्यापेक्षा जास्त ओतलं की मजबुती वाढत नाही, ठिसूळपणा वाढतो. बाकी जागेत आयएस 710 मार्कचा मरीन प्लाय, त्याच्या कडा आधी रेझिननं बंद करून. खालून कानाच्या रुंदीची सहा एमएमची स्टेनलेसची पट्टी, बोल्टही स्टेनलेसचे. तात्यांनी विचारलं, समुद्राला लावतात ते भारीतलं लागेल का? गोड्या पाण्याला 304 नंबरचं स्टेनलेस पुरतं, 316 चे पैसे कशाला. पण दुकानदार 304 म्हणून काय देतो हा वेगळा विषय, टेंभुर्णीच्या दुकानात मी लोहचुंबक घेऊनच गेलो होतो, खरं 304 त्याला गच्च चिकटत नाही. एक बोल्ट गच्च चिकटला, तो बाजूला ठेवला. दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसरा दिला.

शिडी हलकी केली. चॅनेल काढून पाइपचे पाखे, म्हणजे बाजूचे दोन दांडे, त्यावर जुन्या पायऱ्या, पण अंतर सारखं करून. आधी वरची पायरी डेकपासून फूटभर खाली होती आणि बाकीच्या नऊ-नऊ इंचांवर. म्हाताऱ्या माणसाचा पाय नेमका पहिल्याच पायरीला फसतो. पायऱ्यांवर चेकर्ड प्लेट. एका बाजूला कठडा, कारण आधी उतरताना धरायला फक्त पुढच्याचा खांदा होता. वर दोन्ही कानांत जाड पिन, आणि पिनेचं भोक गोल न ठेवता जरा लांबट, म्हणजे लाट आली की आडव्या पिळालाही सुतभर जागा. खाली दोन्ही पायांना मिळून रुंद पत्र्याचा एकच तळवा, म्हणजे पाय गाळात भाल्यासारखे घुसणार नाहीत. आणि पाण्यात असताना शिडी वर ओढून ठेवायला साखळी.

डेकवर शेवटचा जेलकोट, म्हणजे वरचा रंगीत थर, मारताना त्यात चाळलेली बारीक वाळू भुरभुरली, ओल्या पायांना पकड यावी म्हणून. तात्यांना रंग निळा पाहिजे होता. माझ्याकडं कूलरच्या टाकीचाच निळा होता. तोच मारला. त्या बोटीचं तोंड आता लांबून कूलरसारखं दिसतं, याला इलाज नाही.

पैशांवरून थोडी ओढाताण झाली. तात्यांच्या हिशेबात शिडी लहान झाली म्हणजे पैसेही लहान व्हायला पाहिजेत. मी म्हटलं, शिडीचे पैसे वेल्डरला द्या, मी डेकचे घेतोय. काकूंनी भाकरी आणि चिलापीचं कालवण वाढलं, त्यावर तडजोड झाली. कुणाच्या बाजूनं झाली ते सांगत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातातली नव्हती, माणसांचं आधीच उठणं. बिजागरीनं डेक वाचेल, पण भरल्या बोटीतली सगळी माणसं पाण्यातच तोंडाकडं गेली तर बोट पुढून दबते, मागून पंखा उघडा पडतो आणि सुकाणू हाताला लागत नाही. वाऱ्याच्या दिवशी हे चांगलं नाही. मी तात्यांना सांगितलं, पुढच्या डेकच्या अलीकडं आडवा दोर बांधा आणि बोट टेकून शिडी पडल्याशिवाय तो सोडू नका. त्यांनी दोर बांधला. चुलतभावानंही बांधला. दूधवाले त्या दोराखालून वाकून पुढं जातात असं ऐकलं, पण बायका-पोरं थांबतात.

पावसाळ्यात पुण्याकडच्या धरणांतून पाणी सोडलं, उजनी भरली, बोट पुन्हा दगडी उतारावर लागायला लागली. तेव्हा तात्यांचा फोन आला. मी पहिल्यांदा विचारलं, डेक कसा आहे. "डेकला काय धाड भरलीय," म्हणाले. "पर मिस्त्री, खोल पाण्यात बोट जोरात पळाली की तुमची शिडी खडाखडा वाजती. पुण्याची मानसं पक्षी बघाय येत्यात, पक्षी उडून जात्यात की वो."

शिडी वर ओढलेली असताना पाइपाचा पाखा बोटीच्या कठड्यावर आपटत होता. मी म्हटलं, काकूंच्या झालरीतला पट्ट्याचा तुकडा उरला होता ना, तो तिथं बांधा. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. पट्टा सुतळीनं आवळला होता, दोन्हीकडून चार-चार गाठी. खाली लिहिलं होतं, चुलतभावाच्या बोटीचं कधी करता, त्याचं बी डेक ठोकून बगितलं, बसका आवाज येतोय.